तपासलेला डबा

पावणं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, थोरल्या भावाला नाही, मंगळवार पेठेत ज्याच्याबरोबर इतकी वर्षं सकाळचा चहा पितोय त्या दोस्ताला तर नाहीच नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही अनोळखी आहात म्हणून असेल. ओळखीच्या माणसापुढं तोंड उघडलं की ते आपसूक माझी बाजू घ्यायला लागतं — फार जुनी खोड आहे त्याला.

तर सांगतो. पण आधी अक्कांबद्दल बोलू द्या. पळवाट काढतोय असं वाटेल तुम्हाला. वाटू दे, थोडी काढतोयच. पण अक्का काय चीज होत्या हे कळल्याशिवाय मी काय केलं त्याचं वजन तुम्हाला कळायचं नाही.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. मंगळवार पेठेत एका सायकल दुकानाच्या माडीवर आमचं ऑफिस. चार कॉम्प्युटर, एक कर्कश प्रिंटर, आमचे साहेब आणि मी. जो येईल त्याला प्रोग्राम लिहून द्यायचे, हा धंदा. माडीवर सगळ्यात हुशार मी होतो. म्हणजे दुसरं कुणी नव्हतंच म्हणा. मग अक्का आल्या. नाव महादेवी, घराणं मूळचं गडहिंग्लजकडचं, लिंगायत, घरात निम्मं कानडी, निम्मं मराठी. वडील, त्यांना त्या आप्पा म्हणायच्या, जेलच्या दारावर शिपाई होते आणि बिऱ्हाड कळंब्याला. पहिल्याच दिवशी धाकटा भाऊ त्यांना सोडायला आला आणि जिन्यातनं ओरडला, अक्का, डबा ऱ्हायला की! त्या दिवसापासून त्या सगळ्यांच्याच अक्का झाल्या. साहेब त्यांच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, तेही अक्काच म्हणायचे.

मी वयानं त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान आणि ऑफिसात तीन वर्षांनी जुना. यातलं मोठं कुठलं, हा तराजू माझ्या डोक्यात सारखा खाली-वर व्हायचा. त्यांच्या डोक्यात तो कधी आलाच नाही.

तेव्हा मासिकांबरोबर फुकट ऑपरेटिंग सिस्टीमच्या सीड्या यायच्या. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे कॉम्प्युटरचा कारभारी — कुणाला आत घ्यायचं, कुणाला कुठली फाईल द्यायची, सगळं तोच बघणार. या सिस्टीमची आतली सगळी मांडणी उघडी होती, कुणीही वाचावी. आम्ही ती घालायचो, चालवायचो, विसरायचो. अक्कांनी ती वाचली. अहो, खरंच वाचली! हिरव्या पट्ट्यांच्या लांबलचक कागदावर छापून काढली, गठ्ठे बांधले, आणि लाल पेन वेणीत खोचून रोज दुपारी भाकरी-शेंगाचटणी खाता खाता पानापानानं पुढं जात राहिल्या. एवढं सगळं कळतं का, मी विचारलं. तर म्हणाल्या, कळंना तिथं थांबायचं, फुडं जायचंच न्हाय. एका पानावर त्या आठवडाभर थांबलेल्या मी बघितल्यात. मला पाऊण तास जमला नसता.

मग कबनूरचं काम आलं. तिथल्या एका कारखानदारानं नवीन माग आणले होते. कापडाचं डिझाईन कॉम्प्युटरमधनं थेट मागाला जायचं. कुठल्या फेरीला ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, कुठली चौकट उचलायची, केव्हा, किती वेगानं, सगळं एका फाईलीत लिहिलेलं. ती फाईल वाचून माग हलवणारा प्रोग्राम आम्ही करायचा. कारखानदाराची अट एकच: डिझाईन मास्तरांनी पास केलेलीच फाईल मागावर चालली पाहिजे. अर्धवट फाईल चालली तर ताणा तुटणार, माग मोडणार, एखाद्याचा हात जाणार.

सोपं आहे, मी म्हटलं. सिस्टीममध्ये प्रत्येक फाईलीला चालवायची परवानगी असते किंवा नसते. मास्तरांनी पास केली की परवानगी द्यायची. विषय संपला.

अक्का म्हणाल्या, संपला न्हाय. सिस्टीम ही परवानगी कधी बघते? फाईल स्वतः प्रोग्राम म्हणून चालायला निघाली तरच. आमच्या डिझाईनच्या फाईली स्वतः चालतच नव्हत्या. आमचा प्रोग्राम त्या नुसत्या वाचायचा आणि वाचलं तसं माग हलवायचा. सिस्टीमच्या लेखी ते फक्त वाचन. "कैदी गेटाभायर येत न्हाय," अक्का म्हणाल्या, "पर त्यानं लिवलेली चिठ्ठी वाचून भायरचा माणूस तेच काम करून मोकळा. मग बंदी घातली कशावर आपण?"

साहेब त्यांच्याकडं बघतच राहिले. मीही बघत राहिलो, पण माझ्या बघण्यात दुसरं काहीतरी होतं.

पुढचे दोन महिने अक्कांनी त्या उघड्या सिस्टीममध्ये एक नवा प्रश्न घातला. नुसता प्रश्न. वाचणाऱ्या प्रोग्रामनं कारभाऱ्याला विचारायचं — ही फाईल खरोखर चालवायला काढली असती तर तू चालू दिली असतीस का? त्यानं हो किंवा नाही म्हणायचं, बाकी काही करायचं नाही. आणि उत्तर देताना, खरं चालवायच्या वेळी ज्या वाटेनं तपासणी होते त्याच वाटेनं जायचं; तपासणीची वेगळी नक्कल करून ठेवायची नाही. दार उघडणाराच सांगू दे, असं त्या म्हणायच्या. बाजूला बसलेल्यानं अंदाज सांगायचा न्हाय.

आणि खरी देखणी गोष्ट पुढंच. हा प्रश्न फाईलीच्या नावानं विचारायचा नाही. नाव म्हणजे दारावरची पाटी. तपासून झाल्यावर त्याच पाटीखाली कुणी दुसरीच फाईल आणून ठेवली तर? म्हणून आधी फाईल उघडायची, हातात धरायची, जी हातात आहे तिच्याबद्दलच विचारायचं, आणि हो आलं की हातातलीच वाचायची. मधे खाली ठेवायची नाही. या सिस्टीमची रीतच आहे तशी — एकदा फाईल उघडून धरली की मागनं कुणी तिचं नाव पुसलं, काढून टाकली, तरी धरणाऱ्याच्या हातात ती तशीच राहते.

हे त्यांना कुठल्या पुस्तकात मिळालं? पुस्तकात नाही. आप्पांकडं मिळालं. ज्या कैद्याला घरचा डबा यायचा, त्याचा डबा आप्पा उघडून बघायचे, झाकण लावायचे आणि स्वतःच्या हातानं आत नेऊन द्यायचे. तपासला, बाकावर ठेवला, जरा वेळानं दुसऱ्या कुणी उचलून नेला, असं त्यांच्या पाळीत कधी नाही. मधे फोन वाजू दे, वरचे साहेब हाक मारू देत — आप्पा डबा काखेत मारून जायचे. अक्का ते बघत मोठ्या झाल्या आणि त्यांनी ते सिस्टीमच्या पोटात नेऊन बसवलं. खोटं नाही बोलत पावणं, त्यांनी कागदावर काढून दाखवलं तेव्हा मला हात जोडावेसे वाटले. जोडले असते तर बरं झालं असतं.

कारण डिझाईनची फाईल वाचणारा भाग माझा होता. अक्का यायच्या आधी लिहिलेला. त्याला मी स्वतःचंच नाव दिलं होतं, 'विलास एक' — हसा, हसा. त्याला फाईलीचं नाव दिलं की तो स्वतः फाईल उघडायचा, वाचायचा, कुठं चूक असेल ती ओळ दाखवायचा. साहेब गिऱ्हाईकाला तो कौतुकानं दाखवायचे. आणि आता अक्कांचं म्हणणं होतं की त्यानं नाव घ्यायचं नाही, आधीच उघडलेली फाईल हातात घ्यायची. म्हणजे आतनं सगळा उसवायचा. चार दिवस लागतील, मी साहेबांना सांगितलं, आणि ते चार दिवस फार मोठे करून सांगितले. खरं तर दिवसांचं काहीच नव्हतं. बोचत हे होतं की 'विलास एक' पहिल्यापासनं उलट्या बाजूनं बांधलाय, हे मला माझ्याच हातानं कबूल करावं लागणार होतं. आणि कुणापुढं? काल आलेल्या बाईपुढं.

मग मी काय केलं? फाईल उघडली. हातात धरली. अक्कांचा प्रश्न विचारला; हो आलं. इथपर्यंत सगळं त्यांनी सांगितलं तसं, तसूभर इकडं-तिकडं नाही. मग ती फाईल मी बंद केली — आणि 'विलास एक'ला तिचं नाव दिलं. त्यानं ती नावानं पुन्हा उघडली.

डबा तपासला, बाकावर ठेवला, आणि मग बाकावर जो डबा होता तो उचलला.

एवढ्याशा फटीत काय होतंय, असं मी मनाला सांगितलं. डोळ्याचं पातं लवायच्या आत दुसऱ्यांदा उघडते की फाईल. पण नंतर साहेब म्हणाले, माग सुरू व्हायच्या आधी एक सूचना घाल. मी घातली — 'माग मोकळा आहे? असेल तर एंटर दाबा.' कुठं घातली? तपासणी आणि वाचन यांच्या बरोबर मधे. आता फट डोळ्याच्या पात्याएवढी राहिली नव्हती. समोरचा माणूस एंटर दाबायला जितका वेळ घेईल तितकी झाली होती. मला ते कळलं होतं. कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही.

कबनूरला सगळं बसवायच्या आदल्या दिवशी अक्कांनी विचारलं. माझा कोड बघायला मागितला नाही. दुसऱ्याच्या ताटात हात घालायचा त्यांचा स्वभाव नव्हता. घरी निघाल्या होत्या, जिन्याच्या तोंडाशी थांबून नुसतं विचारलं —

"विलास, मधी डबा हातातनं सुटत न्हाय न्हवं?"

"न्हाय अक्का," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि खाली उतरल्या. त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर — जाऊ दे. तसं म्हणणं म्हणजे पुन्हा त्यांच्यावरच ढकलणं.

महिनाभर बिनबोभाट चाललं. कबनूरला माग होते त्या शेडची एक रीत होती. मागावर लावायच्या फाईलीचं नाव कायम एकच, 'चालू'. नवीन डिझाईन आलं की जुनी 'चालू' काढायची आणि त्या जागी नवीन 'चालू' ठेवायची. दहा नावं कोण लक्षात ठेवणार? आम्हीही तिकडं कानाडोळा केला, कारण अक्कांच्या पद्धतीत त्यानं काही बिघडत नव्हतं. पाटी कितीही वेळा बदला, हातातली फाईल तीच. माझ्या पद्धतीत मात्र त्या रीतीइतकं वाईट दुसरं काही नव्हतं.

एके दिवशी दुपारी दिवाणजींनी, म्हणजे शेडचा कारभार बघणाऱ्या माणसानं, 'चालू' निवडली. तपासणी झाली, पास. सूचना आली, माग मोकळा आहे? दिवाणजी बघायला आत गेले. मागावरचा विणकर ताण्यातली एक गाठ सोडवत होता, त्याला पाच-सात मिनिटं लागली. तेवढ्यात डिझाईन मास्तरांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवरनं जुनी 'चालू' काढून पुढचं डिझाईन त्याच नावानं ठेवलं. अर्धवट, पास न केलेलं. त्यांनी का घाबरावं? पास नसेल तर चालणारच नाही, हे आम्हीच त्यांना छातीठोकपणे सांगितलं होतं. दिवाणजी परत आले आणि त्यांनी एंटर दाबलं.

चौकटी अर्ध्याच उघडल्या आणि आडवा धागा नेणारा दांडा त्यांच्यात घुसला. सगळा ताणा फाटला, धागे ओवलेली फणी वाकली. विणकरानं हात नुकताच बाहेर काढला होता. नुकताच! हा शब्द मी मनात किती वेळा म्हटला असेल त्याला गणती नाही.

फोन आला तसे साहेब आणि अक्का तडक कबनूरला गेले. मी? पोटात दुखतंय म्हणून ऑफिसात राहिलो. आणि खाली सायकलींना हवा भरल्याचा आवाज येत होता, भर दुपारचं ऊन होतं, अशा वेळी बसून मी 'विलास एक' उसवला. चार दिवस लागतील म्हणत होतो ना? तीन तासांत झालं. फाईल उघडायची, धरायची, विचारायचं, धरलेलीच वाचायची, अगदी अक्कांनी कागदावर काढलं होतं तसं. जुना कोड पुसला. नव्यावर मागची तारीख घातली. दुसऱ्या दिवशी मोडतोड बघायच्या निमित्तानं जाऊन कबनूरचा प्रोग्रामही बदलून आलो.

माग मोडला त्याच संध्याकाळी अक्का परत आल्या त्या प्रोग्रामनं केलेल्या तपासणीच्या नोंदीचा कागद घेऊन. नोंदीत स्पष्ट होतं, पास. आणि जागेवर सापडली होती पास न केलेली फाईल. मग त्यांनी पहिल्यांदाच माझा कोड वाचायला मागितला. मी दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला, पुन्हा पहिल्यापासनं वाचला, आणि माझ्याकडं बघून म्हणाल्या, "तुझं बरोबर हाय. म्हंजे चूक माझी हाय."

माझ्या तोंडातनं एक शब्द निघाला असता तर सगळं तिथंच मिटलं असतं. नाही काढला.

कारखानदार ऑफिसात येऊन काय काय बोलला ते सांगत नाही. साहेब आमच्या कोणाचंच नाव न घेता सारवासारव करत होते. अक्का मधेच उठल्या आणि म्हणाल्या, प्रश्न मी घातलाय, जबाबदारी माझी. एवढंच बोलून त्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून रोज एसटीनं कबनूरला जायला लागल्या. फाटलेल्या ताण्याचा एकेक धागा पुन्हा चौकटीतनं आणि फणीतनं ओवायचा असतो, वहिफणी म्हणतात त्याला. हजारो धागे, एकही चुकून चालत नाही. ती माणसं बाहेरच्याला जवळ उभं करत नाहीत. अक्का त्यांच्यासमोर मांडी घालून बसल्या आणि ताणा भरेपर्यंत, दिवसच्या दिवस, धागे काढून त्यांच्या हातात देत राहिल्या. तिथला म्होरक्या, दाढी पांढरी झालेला माणूस, शेवटी साहेबांना म्हणाला, ही लेक आमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, असं बोट आमच्यात बी कुणाचं न्हाय.

मी एकदा तिकडं गेलो होतो. दारात उभा राहिलो. अक्कांनी वर बघितलं, हसल्या, आणि कुणाला तरी सांगितलं, आमच्या विलासला च्या द्या. चहा आला आणि तो मी प्यालो, सगळा.

आणखी एक गोष्ट तुम्हाला माहीत पाहिजे. ही सिस्टीम बनवणारी माणसं जगभर पसरलेली असतात आणि एकमेकांना पत्रं पाठवून ती सुधारतात. अक्कांनी त्यांच्यासाठी इंग्रजीत दीड पान लिहून ठेवलं होतं: प्रत्येक सिस्टीमला असा प्रश्न विचारता आला पाहिजे, असा असा विचारावा, आणि नावानं विचारू नये. इंग्रजी बघायला त्यांनी ते मलाच दिलं होतं. एक शब्दही बदलावा लागला नव्हता. कबनूरला तीन महिने नीट चाललं की पाठवायचं, असं ठरलं होतं.

ते पान गेलं नाही. अक्का वर्षभर चूक शोधत राहिल्या. त्यांना वाटलं, जुनी फाईल पुसल्यावर तिची जागा नव्या फाईलीला मिळाली असेल आणि जुनी परवानगी तिला चिकटून राहिली असेल. मग वाटलं, दोन प्रोग्रामनी एकदम विचारलं तर उत्तरांची अदलाबदल होत असेल. पुन्हा ते गठ्ठे, पुन्हा ते लाल पेन. नसलेली चूक सापडते होय कुणाला? आणि मी काय करत होतो? मदत करत होतो, पावणं! असं तर नसेल का अक्का, तसं तर नसेल का, असं म्हणून त्यांना आणखी एका रानात नेऊन सोडत होतो. त्या प्रत्येक वेळी थँक्यू म्हणायच्या.

शेवटी एके दिवशी त्यांनी ते दीड पान गठ्ठ्यात घातलं आणि सुतळी बांधली. जे मलाच समजलेलं न्हाय ते लोकांच्या हातात देनार न्हाय, एवढंच बोलल्या. थोड्याच दिवसांत नोकरी सोडली आणि गडहिंग्लजच्या बाजूला एका कॉलेजात शिकवायला लागल्या. मी माडीवरच राहिलो, पुढं धंद्यात भागीदार झालो. दुरुस्त केलेला 'विलास एक' बऱ्याच जागी चालला. गिऱ्हाईकाला समजावताना मी जेलच्या दारातल्या डब्याचं उदाहरण द्यायचो. लोक वा म्हणायचे.

मधल्या काळात एकदा इंटरनेटवर परदेशातली दोन माणसं याच प्रश्नावर अडलेली दिसली. फाईल नुसती वाचली जाते तेव्हा तिच्या चालण्याला परवानगी कोण विचारणार? त्यांची लांबच्या लांब पत्रं मी वाचली. अक्कांचं दीड पान त्यांच्या चार पावलं पुढं होतं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, तरुण वय, नोकरीची भीती, होतं माणसाकडनं. थांबा. अजून झालं नाही.

गेल्या वर्षी अक्कांचा फोन आला. कॉलेजात पोरांशी बोलायला या म्हणाल्या. गेलो. केस पिकलेत आता, पण लाल पेन तिथंच, वेणीत. वर्ग भरलेला होता. मला पहिल्या बाकावर बसवून त्या बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी कबनूरची गोष्ट सांगायला सुरुवात केली. नंतर कळलं, दर वर्षी पहिल्या तासाला त्या हीच गोष्ट सांगतात. मी असा प्रश्न घातला, मला वाटलं तो बिनचूक आहे, आणि एका माणसाचा हात जाता जाता वाचला. आणि मग म्हणाल्या, कोड या सरांचा होता, त्यात काही खोट नव्हती, मी स्वतः वाचला. चूक माझ्या विचारात होती आणि ती मला आजपतोर सापडलेली नाही. तुमच्यापैकी कुणाला सापडली तर मला येऊन सांगा, लाजू नका.

हे त्या हसत सांगत होत्या. न केलेली चूक, भर वर्गात, दर वर्षी! पोरं माझ्याकडं आदरानं बघत होती.

तिसऱ्या बाकावर एक मुलगी उभी राहिली. तिनं विचारलं, "मॅडम, तपासल्यावर फाईल परत नावानं उघडली असंल तर?"

अक्कांचा चेहरा काय खुलला म्हणून सांगू! योग्य प्रश्न ऐकला की त्यांना पहिल्यापासून असाच आनंद व्हायचा, मग तो कुणीही विचारलेला असो. त्या म्हणाल्या, शाबास, मी तवाच हे विचारलेलं. आणि माझ्याकडं वळल्या.

"सांगा सर. डबा हातातनं सुटला नव्हता न्हवं?"

आता कसली भीती होती मला? साहेब कधीच निवृत्त झालेत. धंदा माझाच आहे. कारखानदार ते सगळं विसरूनही गेला असेल. समोर फक्त अक्का होत्या, आणि एक मुलगी, जिनं उभ्या उभ्या एका वाक्यात ते सांगितलं होतं जे अक्कांना वर्षभर सापडलं नव्हतं — सापडू दिलं नव्हतं मी.

"न्हाय," मी म्हणालो. "सुटला नव्हता."

मुलगी खाली बसली. अक्का तिला म्हणाल्या, तरी विचारत ऱ्हायचं बरं का. मग फळ्याकडं वळून त्यांनी पुढचा विषय काढला.

निघताना त्या मला एसटी स्टँडपर्यंत सोडायला आल्या. वहिनींना द्या म्हणून शेंगाच्या पोळ्यांचा स्टीलचा डबा आणला होता. झाकण घट्ट बसलंय का ते एकदा बघितलं, आणि पिशवीत ठेवा म्हटलं तरी ऐकलं नाही. गाडी लागेपर्यंत स्वतःच धरून उभ्या राहिल्या आणि मी चढल्यावर खिडकीतनं माझ्या हातात दिला.

तो डबा अजून आमच्या मांडणीवर आहे. परत करायला गेलं की समोर उभं राहावं लागेल, म्हणून वर्षभर गेलो नाही. बायको विचारते, कुणाचा हो हा? मी म्हणतो, असू दे.

त्या मुलीचं बरोबर होतं. अक्कांचं पहिल्यापासून बरोबर होतं. डबा मी खाली ठेवला होता.